मैसूरच्या जडावकामात आईचा चेहरा: पाचपैकी चार

गेल्या वर्षी मैसूरला गेले, तेव्हा मंडी मोहल्ल्यातल्या एका लहानशा कारखान्यात आईचा फोटो देऊन आले. शिसवी फळीत रंगीबेरंगी लाकडाचे तुकडे बसवून चित्र करतात, ते काम. आदल्या दिवशी राजवाड्यात शिसवी दारांवर हस्तिदंत जडवलेलं पाहिलं होतं. आता हस्तिदंतावर बंदी, त्यामुळे सगळी भिस्त लाकडावर.

बारा बाय सोळा इंच, साडेनऊ हजार रुपये. सहा आठवडे म्हणाले, अकरा लागले.

मी लग्नातला रंगीत फोटो पुढे केला तर कारागीर चाचा म्हणाले, "ये नक्को." आमचाच 'नको', त्यांच्या दखनी उर्दूत. त्यांना हवा होता खिडकीशी काढलेला, एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली असलेला. रंग लावायचा नाही, लाकडाचा असेल तोच रंग. मग उजेडाला फिकट लाकूड, सावलीला गडद. गालाला फणस. माहेरच्या घराचे वासेही फणसाचेच, पण त्याचा असा पिवळा उपयोग कधी सुचला नव्हता.

कागदावरचं रेखाटन कापून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर चिकटवतात, बारीक पात्याच्या करवतीने तुकडे काढतात, फळीत तेवढाच खोलगट भाग कोरून ते सरसाने बसवतात. कुंकवाचा तुकडा मसुरीच्या डाळीएवढा. चाचांनी तो जिभेवर ओलं केलेल्या बोटाच्या टोकाने उचलला आणि श्वास रोखून बसवला. मीही रोखला. पण घासून झाल्यावर खरी आई दिसली ती शेवटच्या रेघांनी: भुवया, ओठाजवळची सुरकुती. हे टोकदार कोरणीने खरवडून काळ्या रंगाने भरतात. हाच काय तो रंग. तोवर समोर कुठलीही काकू बसली होती.

आता तक्रारी. आईचे केस पिकलेले, पण राखाडी लाकूड कुठून आणणार? फिकट लाकूड लावलं तर मेंदी लावल्यासारखं दिसतं. "सर पे पल्लू लेव," असं ते आधीच म्हणाले होते. आई डोक्यावर पदर घेत नसे म्हणून मी हटून बसले. चूक माझी. पण जुलैत रत्नागिरीच्या दमटपणाने हनुवटीजवळचा तुकडा उचलला, तेव्हा फोनवर उत्तर मिळालं: पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. शेवटी आमच्या सुताराने वीस रुपयांत चिकटवून दिला. एक तारा तिथे गेला.

दुकानात तयार चित्रं घेणार असाल तर पांढरे भाग नखाएवढ्या अंतरावरून बघा. शुभ्र, एकही रेषा नसलेला तुकडा बहुधा प्लॅस्टिकचा असतो. आणि उन्हासमोर टांगू नका. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. चार महिन्यांत लाल कुंकू चिंचेच्या रंगाचं झालं. आता देवघराच्या बाजूच्या भिंतीवर आहे. वडील म्हणतात, कुंकू असंच बरं दिसतं, ती गडदच लावायची.