ड्रेनेजची गळती शोधायची: कॅमेरा की फायबर?

इंदूरच्या काळ्या मातीत ज्यांच्या कॉलनीचे जुने चिनी मातीचे पाइप पुरलेले आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सिमेंटनं भरलेले सांधे दरवर्षी थोडे थोडे सुटत जातात. आमच्या कॉलनीत दोन्ही करून पाहिलं, आधी पाइपमध्ये कॅमेरा आणि दोन वर्षांनी ऑप्टिकल फायबर, म्हणजे पाइपभर तापमान मोजणारी काचेच्या तंतूची केबल.

कॅमेऱ्याचं महत्त्व मला मान्य आहे. फुटका पाइप, पिंपळाची मुळं, सरकलेला सांधा, सगळं समोर दिसतं. सभेत ते चित्रीकरण लावलं की वर्गणीचा वाद मिटतो. फायबरच्या आलेखात नुसते रंगीत पट्टे असतात. लोक विचारतात, यात गळती कुठाय?

पण कॅमेऱ्याला लाइन रिकामी लागते. वरच्या चेंबरला पाणी अडवणारा रबरी फुगा लावा, साचलेलं पाणी पंपानं पुढं टाका, जेटिंग (जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं सफाई) करून घ्या आणि दुपारपर्यंत नळ सोडू नका म्हणून घरोघर सांगत फिरा. भर पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून आम्ही मे महिन्यात कॅमेरा घातला. तेव्हा जमिनीतलं पाणी पाइपच्या बरंच खाली गेलेलं असतं. सांधे कोरडे, अहवालात ‘किरकोळ भेगा’. पुढं जुलैत पहाटे तीन वाजता, सगळी कॉलनी झोपलेली असताना, कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण उघडलं तर आत नितळ पाणी खळखळत वाहत होतं, म्हणजे बाहेरचं पाणी पाइपात शिरत होतं. टॉर्च धरून मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. ‘लाइन ठीक’ असा कागद घरात आणि डोळ्यांसमोर हे. माझं मन कॅमेऱ्यावरून तिथंच उडालं.

फायबर चालू लाइनमध्ये पडून राहते. केबल जेटिंगच्या होजला बांधून एका चेंबरमधून दुसऱ्यात ओढली. कोणाला आत उतरवावं लागलं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस मलवाहिनीत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हाच आहे. लेझरचा झोत काचेतून जाताना थोडा प्रकाश मागं विखुरतो, त्यावरून साधारण दर मीटरचं तापमान कळतं. सकाळी आंघोळीचं कोमट पाणी पडद्यावर तांबड्या पट्ट्यासारखं उताराकडं सरकताना दिसायचं. पाऊस झाला की दोन जागी गार पाण्याची निळी रेघ उमटली. एक तासाभरात पुसली गेली: कोणीतरी गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडला होता. दुसरी मात्र उघडीप होऊन दोन दिवस झाले तरी तशीच. ते जमिनीतलं पाणी.

एक गोष्ट आधीच सांगतो: आत टाकलेली केबल बाहेर झिरपणारा मैला दाखवत नाही. त्यासाठी नवी लाइन टाकतानाच पाइपच्या खाली, मातीत केबल पुरावी लागते. पण सुटलेला सांधा दोन्हीकडून गळतो. पावसाळ्यात पाणी आत घेतो, उन्हाळ्यात बाहेर सोडतो. आमच्या बोअरला दर मे महिन्यात वास यायचा, तो दुसऱ्या रेघेच्या जागी खोदून सांधा बदलल्यावर गेला.

अडचणी फायबरलाही आहेत. केबलला चिंध्या अडकतात. जेटिंगच्या आधी ती काढावीच लागते. पाण्यांच्या तापमानात फरक नसेल तर आलेख मुका. उपकरण महाग आहे, भाड्यानंच आणा. चार-पाच चेंबरची छोटी लाइन असेल तर दोन्ही सोडा, रंगाचं पाणी टाकून काम भागेल.

लाइन लांब असेल तर मी तरी फायबरच सुचवीन. उपकरण जुलै-ऑगस्टसाठी उन्हाळ्यातच सांगून ठेवा, आणि निळी रेघ सापडली की पाणी ओसरल्यावर तेवढ्या तुकड्यात कॅमेरा घाला. आम्हाला जेमतेम चार फूट रस्ता खोदावा लागला.