लांब पल्ल्याच्या युनिसायकलसाठी २९ इंची चाक की ३६ इंची?

साध्या युनिसायकलला, म्हणजे एकचाकी सायकलला, साखळी नसते. क्रँक, म्हणजे पॅडल बसवलेला दांडा, थेट चाकाच्या हबला (मधल्या भागाला) जोडलेली असल्यामुळे पायांचा एक फेरा पूर्ण झाला की चाकाचाही एकच फेरा होतो. त्यामुळे चाकाचा आकार ठरवताना आपण वेग तर ठरवतोच, शिवाय पडलो तर कोणत्या वेगाने पडणार हेही ठरवून टाकतो.

३६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.८७ मीटर पुढे जाते, तर २९ इंची चाक सुमारे २.३१ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्यांची लय धरल्यास पहिल्यावर ताशी साधारण १५.५ किलोमीटर आणि दुसऱ्यावर १२.५ किलोमीटर वेग मिळतो. ६० किलोमीटरच्या प्रवासात हा फरक जवळजवळ तासाभराचा होतो, आणि युनिसायकलवर शरीराचा बहुतेक भार सीटवरच पडत असल्याने हा वाचलेला तास महागड्या सीटपेक्षाही अधिक आराम देतो, असे माझे मत आहे. ब्रिटनच्या एड प्रॅट यांनी २०१५ ते २०१८ या काळात केलेली जगप्रदक्षिणा ३६ इंची चाकावरच झाली.

क्रँकची लांबी मात्र अनेकजण विचारात घेत नाहीत. १०० मिलिमीटरची क्रँक लावलेले २९ इंची चाक आणि १२५ मिलिमीटरची क्रँक लावलेले ३६ इंची चाक यांमध्ये चाकाच्या त्रिज्येचे क्रँकशी असलेले गुणोत्तर जवळपास सारखेच, म्हणजे ३.७ च्या आसपास येते. त्यामुळे चढावर पायांना लागणारा जोर दोन्हींवर फारसा वेगळा नसतो. फरक उरतो तो लयीचा आणि जडपणाचा. मोठे चाक एकदा गतीत आले की सपाट रस्त्यावर स्थिर चालते आणि लहान खड्डे सहज ओलांडते, परंतु ते सुरू करणे, थांबवणे आणि दर सिग्नलला पुन्हा त्यावर चढणे दमवणारे असते.

आरामासाठी सीटच्या पुढे हँडल बसवावे, कारण त्यावर हात टेकून थोडे पुढे झुकता येते आणि बैठकीवरचा दाब काही काळ तरी कमी होतो. उतारावर चाक रोखण्याचे काम गुडघ्यांवर येऊ नये म्हणून ३६ इंची चाकाला ब्रेक असणे मी अत्यावश्यक मानतो.

आता पडण्याविषयी, कारण खरा निर्णय इथेच होतो. युनिसायकलस्वार बहुधा पुढच्या बाजूला पडतो, आणि वेग बेताचा असेल तर पॅडलवरून पाय सुटताच तो धावत उतरतो, युनिसायकल तेवढी मागे आडवी होते. ताशी १२ किलोमीटरचा वेग म्हणजे सावकाश धावणेच असल्यामुळे असे उतरणे सरावाने अंगवळणी पडते. ताशी १५ किलोमीटरला त्यासाठी चांगलेच पळावे लागते, आणि उतारावर वेग २० च्या पुढे गेला की बहुतेकांची पावले अपुरी पडून हात आधी जमिनीला टेकतात. त्यात क्रँक सारख्याच लांबीची असेल तर ३६ इंची चाकावर स्वार सुमारे ९ सेंटिमीटर अधिक उंच बसलेला असतो. स्विस संशोधक फ्लोरियन श्लुम्फ यांच्या गिअर हबमुळे, म्हणजे आतच गिअर असलेल्या हबमुळे, चाक पायांच्या सुमारे दीडपट वेगाने फिरते, म्हणजे ३६ इंची चाक जवळपास ५४ इंची चाकासारखे धावते. पण त्या वेगात तोल गेला तर धावत उतरण्याची आशाच ठेवू नये.

म्हणून ज्याला अजून पडताना धावत उतरणे खात्रीने जमत नाही, किंवा ज्याच्या रस्त्यावर वारंवार थांबावे लागते, त्याने २९ इंची चाक घ्यावे आणि वेग हवासा वाटू लागला की आधी क्रँक आखूड करून पाहावी, म्हणजे पाय अधिक जलद फिरवता येतात. मोकळ्या, सलग रस्त्यावर दिवसाला ५० किलोमीटरहून अधिक जायचे असेल, तर ३६ इंची चाकाला पर्याय नाही. फक्त त्याच्या खर्चातच हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि तळव्याला कडक प्लास्टिकची पट्टी असलेले मनगटरक्षक धरावेत, कारण ती पट्टी रस्त्यावरून घसरते आणि मनगट मुरगळण्याचा धोका कमी होतो.