दोन दुधाळ जनावरांची गटवाटप योजना: अनुदान कागदावर किती, गोठ्यात किती

पशुसंवर्धन विभागाच्या महाबीएमएस पोर्टलवरून दोन गाई किंवा दोन म्हशींच्या गटासाठी अर्ज करता येतो. सर्वसाधारण प्रवर्गाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. अर्ज भरणे सोपे आहे आणि निवड न झालेले अर्ज प्रतीक्षा यादीत राहतात, ही चांगली सोय. मोबाइल नंबर मात्र बदलू नका. निवडीचा आणि कागदपत्रे अपलोड करण्याचा निरोप एसएमएसनेच येतो, आणि सातबारा, आठ-अ, अपत्य दाखला, जातीचा दाखला ऐनवेळी गोळा करताना मुदत निघून जाते.

खरी मेख किमतीत आहे. योजनेत गाय 70,000 रुपयांची धरली आहे. दोन गाई 1,40,000, तीन वर्षांचा विमा 16,850, एकूण 1,56,850. सर्वसाधारण लाभार्थीला मिळतात 78,425. म्हशीची किंमत 80,000 धरून विम्यासह गट 1,79,258 चा होतो आणि अनुदान 89,629. आता दिवसाला 12 लिटर देणारी, दुसऱ्या वेताची (दुसऱ्यांदा व्यालेली) संकरित गाय 90,000 ला पडली, तर वरचा सगळा फरक शेतकऱ्याच्या खिशातून. अनुदान तेवढेच राहते आणि पन्नास टक्के म्हणता म्हणता चाळीसवर येते. हा फरक टाळायला लोक स्वस्तातली गाय उचलतात. तिथेच योजना फसते.

बाजारात दूध तुंबवून कास फुगवलेली गाय सर्रास दाखवतात. म्हणून आधी आपल्यासमोर पूर्ण धार काढायला लावावी, ते दूध मोजू नये. त्यानंतरच्या संध्याकाळ-सकाळच्या धारा मोजाव्यात. चारही सडांची पहिली धार काळ्या कपड्यावर घ्यावी. गाठी किंवा पाणचट दूध दिसले तर दगडी (कासेचा दाह) समजावी आणि निघावे. लांबून टेम्पोतून आणलेली गाय पहिले काही दिवस दूध कमी देते, तेवढ्याने घाबरून लगेच खुराक वाढवू नये. पोट बिघडते.

विमा तीन वर्षांचा असला तरी तो कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर उभा आहे. बिल्ला पडला की त्याच दिवशी दवाखान्यात आणि विमा कंपनीला कळवून नवा मारून घ्यावा, नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्यावा. बिल्ला नसेल तर दावा बहुधा नाकारला जातो. जनावर दगावले तर कंपनीला कळवण्याआधी पुरू नये. शवविच्छेदन आणि बिल्ल्यासह फोटो लागतोच.

योजनेत चाऱ्याला जागा नाही, ही आमच्या मते सर्वांत मोठी उणीव. 12 लिटरच्या गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे सहा किलोच्या आसपास पशुखाद्य रोज लागते. वर हिरवा चारा 20-25 किलो, कडबा 5-6 किलो. गजराज किंवा तत्सम नेपिअर चारा-गवताची लावण अर्ज भरतानाच करावी, कारण पहिली कापणी यायला अडीच महिने लागतात आणि निवडीचा एसएमएस सांगून येत नाही.