नवीन मॅनिफोल्डचे पैसे घेतले आणि आमचाच जुना चांदी रंग मारून बसवला, डिझेलवाल्यांनो बघून घ्या

डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणारा नळांचा भाग) आतून कसा दिसतो हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं आणि गॅरेजवाला आपल्याला घाबरवतो तो नेमका तिथंच, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण डिझेल गाडी असेल तर वाचा.

आमची २०१४ ची सात सीटर, दीड लाखाच्या वर पळालेली. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, अधूनमधून पुणे आणि बाकी सोलापुरातच, गावातल्या गावात सात रस्ता ते बाळे असं चालूबंद. मागच्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात पिकअप बसायला लागला, तिसऱ्या गिअरला दाबली की बोनेटमधनं फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज, मागं काळा धूर, आणि ॲव्हरेज १४ वरनं ११ वर. बोनेट उघडून बघितलं तर मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथं बसतो त्या जोडाखाली सगळं तेलकट ओलं आणि त्यावर धुळीचा थर.

गावातल्याच एका गॅरेजला दाखवली, मेहुण्याच्या ओळखीनं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्यानं टर्बोकडनं (इंजिनात हवा दाबून भरतो तो पंखा) येणारा होज पाइप काढला, आत बोट घातलं आणि काळं झालेलं बोट माझ्या तोंडासमोर धरलं. काळ्या मसाल्यात तेल कालवून ठेवावं तसा राडा. "मालक, हे बघा, इंजिन तेल प्यायलंय. टर्बो गेला, मॅनिफोल्ड आतनं सडला. असंच पळवलं तर इंजिन हातात येतंय बघा."

आता खरं काय ते सांगतो. तो राडा ह्या वयाच्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीत थोडाफार निघतोच. ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो, तो सायलेन्सरकडं निघालेल्या धुरातला थोडा धूर परत इंजिनात घालतो, त्यानं जळतानाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. बीएस-४ साठी, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या तेव्हाच्या सरकारी नियमासाठी, बऱ्याच गाड्यांना हा लागायचाच (आपलं सोलापूर तर २०१० मध्येच बीएस-४ लागू झालेल्या मोजक्या शहरांत होतं, पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं, हे कितीजणांना माहीत आहे?). त्या धुरातली काजळी, आणि क्रँककेसच्या (इंजिनचा ऑइल असतो तो खालचा भाग) ब्रीदरमधनं येणारी ऑइलची वाफ, दोन्ही मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात आणि त्याचा चिकट कार्बन होतो. गावात कमी आरपीएमला फिरणाऱ्या गाडीत जास्त होतो, कारण ईजीआर हलक्या लोडलाच जास्त उघडतो. म्हणजे काळं बोट दाखवून टर्बो गेला हे सिद्ध होत नाही. टर्बो बघायचा तर इंजिन गार असताना पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवायचा, बाजूला किंचित हलला तर चालतंय, पण पंखा घराला घासत असेल किंवा शाफ्ट आतबाहेर होत असेल तर मात्र गेला. त्यानं हे केलंच नाही, पाइप लावून टाकला.

धुराचंही तसंच. टर्बोनं दाबलेली हवा जोडातनं बाहेर सुटली की सेन्सरनं मोजलेली हवा इंजिनात पूर्ण पोचतच नाही, डिझेल मात्र त्या हिशोबानं पडतं, म्हणून काळा धूर आणि ॲव्हरेज डाऊन. हवेबरोबर ऑइलची वाफ पण सुटते, तोच तो ओला डाग. पॅकिंग किंवा होज पाइप गेला तरी एवढं सगळं होऊ शकतं.

पहिलं कोटेशन पासष्ट हजार. टर्बोला मी नाही म्हटलं, मग तो लगेच खाली आला, इतक्या लगेच की गंमतच वाटावी, दोन मिनिटांपूर्वी इंजिन हातात येणार होतं ते टर्बो न बदलता पण चालणार होतं. शेवटी नवीन मॅनिफोल्ड १४,५००, नवीन ईजीआर ९,८००, पॅकिंग आणि लेबर धरून एकतीस हजारावर ठरलं. हे सगळं व्हॉट्सॲपवर त्याच्याकडनं लिहून घेतलं होतं, आणि पैसे यूपीआयनं दिले, ह्या दोन गोष्टी पुढं कामाला आल्या.

गाडी मिळाली तेव्हा मॅनिफोल्ड चकाचक चांदीसारखा. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. नव्याचा बॉक्स? तो पण कचऱ्यात. बिल म्हणजे पॅडवरचा कागद, जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. गाडी मात्र छान पळाली त्या आठवड्यात. मग परत फुस्स, परत तोच ओलेपणा, तिथंच, आणि ह्यावेळी जोडाच्या कडेनं काळं सिलिकॉन बाहेर आलेलं.

परत त्याच्याकडं न जाता अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला एक म्हातारे मेस्त्री आहेत, आयुष्यभर ट्रकच्या डिझेल इंजिनांवर काम केलेला माणूस, त्यांच्याकडं नेली. त्यांनी काही न बोलता मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला, जिथं दिसत नाही तिथं, नखानं ओरबाडलं. चांदी रंगाची पापडी निघाली आणि खाली जुनं काळपट ॲल्युमिनियम. मग चिंधीला थिनर लावून एका कोपऱ्यात पुसलं, तिथं ओतकामाचा छोटा गोल शिक्का, त्यात १३. "२०१४ च्या गाडीला २०१३ चं ओतकाम, हा तुमचाच हाय मालक," मेस्त्री म्हणाले. ईजीआरला तर पाना पण लागला नव्हता, बोल्टच्या डोक्यावर जुनी माती तशीच घट्ट बसलेली.

खरा घाण प्रकार मॅनिफोल्ड उतरवल्यावर दिसला. पॅकिंग बसतं ती सपाट बाजू हाताला खरखरीत लागत होती, बारीक बारीक खड्डे. कारण त्या गॅरेजवाल्या साहेबांनी कार्बन झटपट निघावा म्हणून तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. लोखंडाच्या पार्टला कॉस्टिक चालतं, ॲल्युमिनियमला ते खातं, अक्षरशः बुडबुडे येऊन धातू विरघळतो. म्हणजे नवीन दिला नाहीच, वर आमचा चांगला होता तो पण बिघडवला, आणि खड्डे बुजवायला नवीन पॅकिंगऐवजी जुन्याच पॅकिंगवर दोन्हीकडनं सिलिकॉन थापलं. त्यातलं जास्तीचं आत दाबलं जाऊन हवेच्या वाटेत लोंबत होतं, गांडुळाएवढं. हे तुटून आत गेलं असतं तर? मेस्त्री तेवढ्याच वेळी चिडले, एरवी शांत माणूस. म्हणाले पैसे खाल्ले ते एक वेळ ठीक, पण इंजिनात असला कचरा सोडायचा म्हणजे काय.

त्यांनी केलं ते असं. हेडच्या पोर्टमध्ये आधी स्वच्छ चिंध्या कोंबल्या, कार्बनचा खडा आत पडू नये म्हणून. मॅनिफोल्ड डिझेलमध्ये भिजत टाकला, दुसऱ्या दिवशी ब्रशनं घासला, रॉकेल मारून हवेनं सुकवला. लेथवाल्याकडनं फेस अगदी हलका कट मारून सपाट करून आणला. ईजीआर काढून नुसता साफ केला, तो चांगलाच होता. नवीन पॅकिंग कोरडंच, सिलिकॉन नाही, बोल्ट मधनं सुरू करून बाहेरच्या बाजूला टॉर्क पान्यानं. टर्बोकडचा होज पाइप कडक होऊन तडकलेला होता तो आणि दोन क्लिपा नवीन. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करतो तो) उतरवून उलटा केला तर चहाच्या कपभर ऑइल निघालं. हे साठू देऊ नका बरं का, जास्त साठलं आणि इंजिननं ते ओढलं की डिझेल इंजिन स्वतःच पळत सुटू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. शेवटी पाइपातनं कॉम्प्रेसरची हलकी हवा सोडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी, बुडबुडा आला नाही. सगळं मिळून साडेपाच हजार, लेथ धरून. शाफ्ट पण हलवून दाखवला, टर्बो ठणठणीत.

ईजीआरला पत्री मारून कायमचा बंद करून देतो असं सांगणारे पण गावात बरेच आहेत, कार्बनचा वैताग आलेले लोक करून पण घेतात. नियमात बसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत चेक लाइट लागून बसते ती वेगळीच. मी केलं नाही.

पहिल्या गॅरेजला फोटो घेऊन गेलो तर आधी म्हणाला कंपनीच रंगवून देते मालक, मग शिक्का दाखवल्यावर सप्लायरनं फसवलं, मग सप्लायरचं बिल दाखव म्हटल्यावर "पोरानं केलं असेल". पोरगं तिथंच उभं, मान खाली. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५, फोन करून तक्रार नोंदवली, ते पलीकडच्याला कळवून तडजोडीचा प्रयत्न करतात, कोर्ट नाही ते. तक्रार गेल्यावर त्यानं बारा हजार यूपीआयनं परत पाठवले आणि मेहुण्याला फोन करून रडगाणं गायलं. आमच्या घरात त्यावरनं जे झालं ते इथं नको.

उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार केलेत. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. त्याचं व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, पेमेंटचा स्क्रीनशॉट, मेस्त्रींचं बिल आणि उघडतानाचे फोटो जोडलेत. पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसलेले दोघंजण मला ह्याच गॅरेजचे भेटले, एकाचा तर अल्टरनेटर असाच रंगवलेला निघाला. तुम्ही गावात कुठं नवीन मॅनिफोल्ड बसवून घेतला असेल तर गाडी गार असताना खालच्या बाजूनं नखानं ओरबाडून बघा, बिनरंगाचं ओतीव ॲल्युमिनियम असेल तर काही निघणार नाही. आणि पापडी निघाली तर लगेच फोटो काढा, पुसायच्या आधी.