हत्ती दोन्हीकडे आहेत: ‘एशियन डायनॅस्टीज’ की ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’?

सेल लागला की मला एक तरी मेसेज येतोच. यंदा आतेभावाचा आला. “दादा, एज ऑफ एम्पायर्समध्ये भारत खेळायचाय. तिसरा भाग घेऊ, की दुसरा घेऊन त्यावर इंडियावाला पॅक टाकू?” एज ऑफ एम्पायर्स म्हणजे वस्ती वाढवत, फौज उभारत शत्रूशी लढायचा कॉम्प्युटर गेम. हा प्रश्न मलाही पडला होता. शेवटी मी दोन्ही घेतले, दोन्ही महिनोन्‌महिने खेळलो, आणि आता त्यांतला एकच उघडतो. आतेभावाला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. मी स्पर्धांमध्ये खेळत नाही. शनिवारी रात्री आम्ही चौघे मित्र ऑनलाइन जमतो आणि एरवी जेवणं झाल्यावर मी एकटा कॅम्पेन, म्हणजे कथेत गुंफलेल्या लढाया, खेळतो. त्यामुळे माझं मत एवढ्या खेळापुरतं धरा.

आधी पैशांचं. ‘द एशियन डायनॅस्टीज’ हे मुळात तिसऱ्या भागाचं २००७ सालचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडलेली भर. २०२० मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन (नव्याने सजवलेली आवृत्ती) आली तेव्हा ते आतच धरलं गेलं, म्हणजे तिसरा भाग घेतला की भारत, चीन, जपान तिन्ही हातात. दुसऱ्या भागाचं ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ एप्रिल २०२२ मध्ये आलं आणि ते वेगळं विकत घ्यावं लागतं. पूर्वी भारताची ‘इंडियन्स’ नावाची जी एकच सिव्ह (खेळायला निवडायची संस्कृती) होती, तिचं नाव आणि रूप बदलून ‘हिंदुस्तानी’ झालं, आणि ती मूळ खेळाबरोबरच मिळते. गुर्जर, बंगाली आणि द्रविड हवे असतील तरच पॅक घ्यायचा. दुकानाच्या पानावर ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही, म्हणून आधीच सांगितली.

तिसऱ्या भागाबद्दल मला खरंच जिव्हाळा आहे. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने आम्ही तो खेळायचो. तेव्हा परदेशी खेळात गुरखा, राजपूत, शिपाई हिंदीत उत्तर देतात याचंच केवढं अप्रूप होतं! आजही दिसायला हा भाग उजवा आहे. तोफेचा गोळा लागला की इमारतीचे तुकडे उडतात, पाणी चमकतं, हत्तीच्या चालीत वजन जाणवतं. पुढच्या युगात जायचं तर एक वास्तू उभारावी लागते: आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणी माता, विजयस्तंभ किंवा ताजमहाल. प्रत्येकीचा गुण निराळा. ताजमहाल बांधला तर काही काळ युद्धबंदी पुकारता येते. शत्रू दारात आलेला असताना ती पुकारायची आणि तेवढ्यात घर सावरायचं, ही मजा दुसऱ्या कुठल्या खेळात मला मिळाली नाही. काही नकाशांवर भक्तिपंथाचं ठाणं असतं. त्यांच्याशी मैत्री केली की वाघनखं घेतलेले लढवय्ये मिळतात. मराठी माणसाचा हात तिथे आपसूक वळतो.

तरी मी तो खेळ बंद केला, आणि कारण आहे लाकूड.

तिसऱ्या भागात बाकी बहुतेक सिव्ह व्हिलेजर, म्हणजे काम करणारा गावकरी, बनवायला अन्न देतात. भारताच्या व्हिलेजरला मात्र लाकूड लागतं. वाचताना हा किरकोळ फरक वाटतो, पण पंधरा-वीस सामने खेळून बघा. या खेळात शिकारीपेक्षा लाकूडतोड बरीच सावकाश होते. घराला लाकूड, बाजाराला लाकूड, भातखाचराला लाकूड, आणि हे सगळं करणाऱ्या माणसालाही लाकूडच. त्यात युगबदलाची वास्तू व्हिलेजरनीच बांधायची असते, म्हणजे झाडं तोडणारे हातही तिकडे काढून घ्यायचे. मग व्हिलेजर जिथून निघतात ते टाउन सेंटर रिकामं बसतं. समोरचा आपला एकेक माणूस वाढवत असतो आणि आपण खालच्या पट्टीवरचा लाकडाचा आकडा बघत बसतो. शिकार समोर मुबलक असते, अन्नाचा साठा पडून असतो, आणि त्या अन्नातून एक व्हिलेजर निघत नाही.

यावर खेळाने उतारा दिलाय, हे कबूल करायला हवं. होम सिटीहून, म्हणजे नकाशाबाहेरच्या आपल्या राजधानीतून, येणाऱ्या मदतीच्या खेपेबरोबर भारताला एक व्हिलेजर फुकट येतो. खेपा भराभर मागवणारा खेळाडू ही उणीव भरून काढतो, काही जण तर यालाच भारताची खरी ताकद म्हणतात. माझ्या मित्रांत एक असा आहे. कुठल्या खेपा मागवता येतील हे ठरवणाऱ्या पत्त्यांचा डेक तो इतका विचारपूर्वक लावतो की दहाव्या मिनिटाला त्याचे व्हिलेजर माझ्यापेक्षा जास्त असतात. पण त्यासाठी लढाईच्या मध्यात होम सिटी उघडायची, कार्ड निवडायचं, परत यायचं, आणि हे सामनाभर चालू ठेवायचं. डेकही सामन्याआधीच लावून ठेवलेला असावा लागतो आणि एकदा निवडला की बदलता येत नाही. मला हे जमेना असं नाही, जमायला लागलं होतं. पण खेळ संपल्यावर मनात लढाई उरत नसे, लाकडाचा हिशेब उरत असे. करणी मातेच्या आसपास काम करणाऱ्या व्हिलेजरांचा वेग वाढतो, म्हणून मी दर वेळी तीच वास्तू जंगलाला खेटून बांधायचो. म्हणजे पाच वास्तूंमधला एक छान पर्यायही लाकडानेच ठरवून टाकला. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मी दुसऱ्या भागाचा पॅक घेतला.

आता त्याच मातीवर दुसरा भाग काय करतो बघा. हिंदुस्तानी सिव्हचे व्हिलेजर इतरांपेक्षा स्वस्त असतात आणि युग बदलेल तसे आणखी स्वस्त होत जातात. बंगाल्यांना प्रत्येक युगबदलाला टाउन सेंटरमधून दोन व्हिलेजर आपोआप मिळतात. द्रविडांना युग बदललं की २०० लाकूड मिळतं. लाकूड! पॅक लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती ओळ वाचली आणि मी खुर्चीत टेकून बसलो.

गुर्जरांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांच्या मेंढ्या किंवा गायी कापायच्या नाहीत, मिलमध्ये (धान्याच्या गिरणीत) नेऊन ठेवायच्या, की त्या जिवंत राहून थोडं थोडं अन्न देत राहतात. लगेच अन्न हवं की जन्मभराचा बारीक झरा हवा, हा निर्णय पहिल्या दोन मिनिटांत घ्यावा लागतो आणि त्याचे परिणाम तासभर दिसतात. तिसऱ्या भागातला भारतही गायी कापत नाही, त्यांना एका खास कुरणात ठेवतात आणि त्या अनुभवाचे गुण देतात, त्यांतून खेपा मिळतात. कल्पना दोन्हींची सुंदर आहे. पण अन्न हे अन्न आहे, ते त्याच क्षणी कामाला येतं. शिवाय निकड पडलीच तर मिलमधलं जनावर बाहेर काढून कापताही येतं. मी ते दोनदाच केलंय आणि दोन्ही वेळा त्यामुळे वाचलो.

लढाईतही हा पॅक भरघोस आहे. बंगाल्यांचा रथ धनुष्य घेऊन लांबून मारतो आणि हवं तेव्हा जवळ जाऊन भिडतो. गुर्जरांचं चक्र वाटेतल्या सगळ्यांना कापत जातं. त्यांचा श्रीवंश घोडेस्वार काही बाण चक्क चुकवतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आमच्यातल्या एकाला वाटलं त्याचं नेट अडकतंय. द्रविडांची तिरिसडै ही प्रचंड नौका समुद्रावर धाक बसवते. रॅमच्या, म्हणजे दरवाजे फोडणाऱ्या ओंडक्याच्या गाड्यांच्या, जागी चिलखती हत्ती आलेत. ते मला अजून पूर्ण पटलेले नाहीत, कारण रॅममध्ये पायदळ बसवून तटापर्यंत नेता यायचं, हत्तीत ते होत नाही, आणि शत्रूचा मंक (भिक्षू) त्या हत्तीला आपल्या बाजूला वळवू शकतो. स्वतःचाच हत्ती आपला दरवाजा फोडतोय हे बघणं फार जिवावर येतं.

खेळाडूंची मतं वाचाल तर या पॅकवर दोन तक्रारी सतत दिसतील. पहिली समतोलाची. सुरुवातीला गुर्जर आणि हिंदुस्तानी भलतेच भारी होते, तर अरेबियासारख्या मोकळ्या नकाशावर द्रविड आणि बंगाली मार खायचे. पुढच्या पॅचमध्ये बरीच छाटणी आणि डागडुजी झाली. तरी घोडदळ दुबळं असल्यामुळे मोकळ्या मैदानात द्रविड आजही जड जातात. आमच्यातला एकजण हट्टाने द्रविडच घेतो. पाण्याच्या नकाशावर तो आम्हाला ऐकत नाही, मैदानात मात्र पहिल्या वीस मिनिटांत आम्हालाच त्याच्या मदतीला धावावं लागतं.

दुसरी तक्रार नावांची, आणि ती माझीही आहे. ‘द्रविड’ हे भाषाकुळाचं नाव. चोळ, पांड्य, होयसळ, काकतीय या सगळ्यांना त्या एका शब्दात बसवणं म्हणजे दक्षिणेचा पाचशे-हजार वर्षांचा आपसातला संघर्ष पुसणं. आणि आपण? देवगिरीचे यादव, वेरूळचं कैलास लेणं कोरवणारे राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य हे सगळे या खेळाच्या काळात चपखल बसतात, तरी त्यांची स्वतंत्र सिव्ह नाही. शनिवारी पहिल्यांदा पॅक लावला तेव्हा नाशिकच्या मित्राने विचारलं, “आपण कोण घ्यायचं?” आणि चौघेही गप्प झालो. शेवटी तो गुर्जर घेऊन बसला, मी हिंदुस्तानी. हे खुपतं, अजूनही खुपतं. पण तिसऱ्या भागात स्थिती याहून बरी नाही. तिथला काळ तर थेट मराठ्यांचा आहे, आणि सगळा भारत मिळून एकच सिव्ह, तिची राजधानी दिल्ली. वाघनखं आहेत, मराठे नाहीत.

मराठा राज्य स्वतः उभारायचं हीच ओढ असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, या दोन्हींऐवजी ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ आणि त्याचं २०१८ चं ‘धर्मा’ एक्सपान्शन बघा. १४४४ च्या बहमनी दख्खनपासून सुरुवात करून मराठी संस्कृतीच्या राज्यातून मराठा सत्ता घडवता येते. मात्र तो नकाशा आणि तक्त्यांचा खेळ आहे. एक डाव माझा तीन आठवडे चालला होता.

कॅम्पेनमध्ये माझा कौल अगदी स्पष्ट आहे. तिसऱ्या भागातली भारताची कथा १८५७ ची. नानीब साहिर हा कल्पित अधिकारी आधी कंपनीच्या फौजेत असतो आणि मग उलटतो. विषय मोठा, पण माणसं कल्पित आणि कथा आटोपशीर, त्यामुळे रंगत येते-येते तोच ती संपते. दुसऱ्या भागात तीन कॅम्पेन आहेत: बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल. बाबर फरगाण्यापासून सुरू होतो, समरकंद मिळवतो, गमावतो, आणि पानिपतावर पोचेपर्यंत तो किती वेळा उघड्यावर पडला हे खेळणाऱ्याला अंगावर घ्यावं लागतं. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. १५२६ च्या पानिपताकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं ते या कॅम्पेनमुळे. देवपालामुळे कनौजसाठी पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट यांच्यात झालेली तिहेरी झुंज पुन्हा वाचून काढली. शाळेत ती दोन ओळींत संपली होती.

तुम्हाला डोळ्यांचं सुख हवं असेल, बंदुका-तोफा आवडत असतील, डेक लावण्यात गोडी वाटत असेल आणि एकाच खरेदीत चीन-जपानही हवे असतील, तर तिसरा भाग घ्या. तो वाईट सौदा अजिबात नाही. त्याची मोफत चाचणी आवृत्तीही आहे, तिच्यात थोड्या सिव्ह आलटून-पालटून खुल्या होतात. भारत खुला असेल तेव्हा दोन-तीन सामने खेळा आणि दर वेळी व्हिलेजर का अडला ते बघा. त्याने तुम्हाला त्रास झाला नाही, तर माझं म्हणणं खुशाल बाजूला ठेवा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मोठ्या लढाईत तो अडखळायचा, दुसरा भाग तेवढा अडखळत नाही. तुमच्या मशीनवर वेगळं असू शकेल.

आतेभावाने दुसरा भाग घेतला आणि आधी पॅकशिवाय हिंदुस्तानी खेळायला लागला. हा क्रम मला आवडला. आठवडाभर स्वस्त व्हिलेजरांची सवय होऊ द्या, मग पॅक घ्या आणि पहिल्या सामन्यात गुर्जर निवडा. सुरुवातीच्या मेंढ्यांवर सुरी चालवायचा मोह होईल. त्यातल्या निम्म्या तरी मिलमध्ये सोडा.