डिझेल व्हॅनचा कॅटकॉन वाचवायचा: प्लेट, वायररोप की सायरन?

सायलेन्सरचोरीच्या बातमीत बहुतेक वेळा मारुती इकोचं नाव असतं. ती पेट्रोल-सीएनजीवर चालते, तिच्या कॅटकॉनमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), प्लॅटिनम गटातले महाग धातू असतात आणि पुष्कळदा चोर आतली ‘माती’, म्हणजे हे धातू असलेला भाग, तेवढी काढून नेतात. डिझेलच्या कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं, सर्वांत महाग ऱ्होडियम सहसा नसतं. तरीही अंधारात गाडीखाली शिरलेला माणूस एवढा विचार करत नाही. डबा हाताला लागला की तो पाइप कापतो.

म्हणून आधी गाडी पिटावर घ्या आणि डबा कुठे आहे ते पाहा. एप्रिल २०२० नंतरच्या, धुराच्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत कॅटकॉन आणि काजळी अडवणारा डीपीएफ बऱ्याचदा इंजिनाला चिकटून, वरच्या बाजूला असतात. तिथे करवत नीट चालवता येत नाही, त्यामुळे डबा खालून झाकणाऱ्या प्लेटवर पैसे घालू नका. डबा फ्लोअरखाली, दोन फ्लँजांच्या (पाइपाच्या बोल्टने जोडलेल्या कडांच्या) मध्ये उघडा लटकत असेल तरच पुढची निवड तुमच्यासाठी आहे. जुन्या बीएस-४ गाड्यांत असं बरेचदा दिसतं.

फॅब्रिकेटर पहिल्यांदा ३ मिमी लोखंडी प्लेट सुचवतो. ९०० बाय ५०० मिमीचा तुकडा साधारण साडेदहा किलो भरतो. त्याच मापाचं अ‍ॅल्युमिनियम साडेतीन किलोच्या आसपास. कापायला लोखंड जड जातं, पण हर्णै, मिरकरवाडा, मालवणकडच्या खाऱ्या हवेत त्याचा पावडर कोट खडी लागून उडतो आणि गंज आतून पसरतो. मासळीच्या गाडीत तर बर्फाचं खारट पाणी थेट चेसीवर ठिबकतं. लोखंडच हवं असेल तर सगळी भोकं पाडून, वेल्डिंग संपवून मगच हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घ्या. आधी गॅल्व्हनाइझ केलेल्या पत्र्याला नंतर भोक पाडलं की गंजाची सुरुवात तिथूनच होते. अ‍ॅल्युमिनियम तसं गंजत नाही, मात्र स्टेनलेस बोल्टला थेट टेकलं आणि खारं पाणी साचलं की बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं. चेसीकडच्या, गरम न होणाऱ्या जोडांवर नायलॉनचे वॉशर आणि बुश घाला.

प्लेटचा खरा धोका उष्णतेचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. डीपीएफ साचलेली काजळी जाळतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. डबा आणि प्लेट यांत निदान ४० मिमी मोकळी जागा, हवेसाठी खाचा आणि पाणी जायला १२-१५ मिमीची भोकं हवीत. कच्च्या रस्त्यावरून आणि बागांतून फिरणाऱ्या गाडीच्या प्लेटवर पातेरा, सुकं गवत, सोडणाचा काथ्या अडकतो. पावसाळा संपून ते वाळलं की आग लागायला तेवढं पुरतं. महिन्यातून एकदा प्लेट उतरवून साफ करण्याची तयारी नसेल तर ती बसवूच नका.

किनारपट्टीवर मला वायररोप बरा वाटतो. ८ मिमी स्टेनलेस रोप, शक्य तर खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचा, डब्याभोवती दोन-तीन वेढे घेऊन चेसीच्या मूळच्या भोकांत बांधायचा. पीव्हीसीचं आवरण असलेला घेऊ नका, ते वितळतं. रोपवर पातेरा साचत नाही, पाणी थांबत नाही, सेन्सर आणि डीपीएफच्या प्रेशर पाइपांपर्यंत हात पोचतो. करवत लावली की त्याच्या तारा सुटून दात्यांत अडकतात. ग्राइंडरपुढे मात्र तोही टिकत नाही. बांधताना २०-२५ मिमी ढील ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, गरम पाइप लांबतो. रोप ताणून बांधला तर पुढची बेलोज, म्हणजे पाइपाचा लवचीक तुकडा, फाटते. चिऱ्यांच्या आणि खडीच्या रस्त्यांवर डब्याला दगडांपासूनही वाचवायचं असेल, तर मात्र गॅल्व्हनाइझ प्लेटच घ्या.

डोकं तुटणारे शिअर नट फक्त प्लेटवर लावा, कॅटकॉनच्या फ्लँजवर नकोत. ताप आणि मीठ यांनी ते इतके धरतात की पुढच्या कामाला ग्राइंडर लागतो. डब्यावर वेल्डिंग तर मुळीच करू देऊ नका, आतली सिरॅमिक वीट (धातूंचा लेप असलेला जाळीदार ठोकळा) तडकते. चेसीवर वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा.

सायरन एकट्याने पुरत नाही. टिल्ट सेन्सर जॅक लावला तर ओरडतो, पण उंच व्हॅनखाली माणूस जॅकशिवाय सरकतो. कंपनाचा सेन्सर हवा, आणि तो वादळी वाऱ्यात उगाच वाजतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरीही तो हळूहळू संपवतो.

डब्यावर गाडीचा नंबर इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने कोरा. हातोडी-पंच नको, वीट फुटते. त्याचा आणि जोडांचा फोटो ठेवला की गॅरेजमध्ये अस्सल डबा बदलला गेला तरी ओळखता येतो. रात्री डब्याची बाजू चिऱ्याच्या गडग्याला अगदी लागून उभी करा, याला काहीच खर्च नाही.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) गाडी पाच वर्षांहून जुनी असली की धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात, दहा वर्षांनंतर ५० टक्के. घसारा न कापणारा झीरो-डेप घेताना गाडीचं वय चालतं का ते आधी विचारा.