सँड प्लँटवरचा बॅगवाला डस्ट कलेक्टर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फौंड्रीत गेल्या वर्षी मे महिन्यात सँड प्लँटसाठी (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागासाठी) बॅग फिल्टर पद्धतीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे धुळीची हवा कापडी बॅगांतून गाळणारे यंत्र, बसवला आणि तेव्हापासून चौदा महिने त्याची देखभाल माझ्याकडे आहे. आम्ही ग्रीन सँडवर (माती मिसळलेल्या ओलसर वाळूच्या साच्यांत) ग्रे आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग्ज काढतो. दिवसाला साधारण सहा टन माल निघतो आणि त्यासाठी चाळीस टनांच्या आसपास वाळू फिरते. शेक-आऊटवर (साचा फोडून कास्टिंग मोकळे करण्याच्या जागी) साचा फुटताना उठणारी धूळ पूर्वी एका जुन्या सायक्लोनच्या भरवशावर सोडलेली होती. सायक्लोन जाड कण खाली पाडतो, पण दहा मायक्रॉनच्या खालचे बरेच कण त्यातून निसटतात आणि माणसाच्या फुप्फुसात खोलवर जातात ते नेमके हेच कण. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी आमच्या वापरातून निर्माण झाल्या आणि या पद्धतीच्या कोणत्याही यंत्रावर त्या येऊ शकतात.

यंत्राची क्षमता ताशी १२,००० घनमीटर हवेची असून ब्लोअरला १५ किलोवॅटची मोटर आहे. आत १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या पॉलिस्टर नीडल फेल्टच्या १२० बॅगा, दहा ओळींत प्रत्येकी बारा, तारेच्या केजवर चढवलेल्या आहेत. एकूण कापड सुमारे १७० चौरस मीटर भरते, म्हणजे दर चौरस मीटर कापडातून मिनिटाला साधारण १.२ घनमीटर हवा जाते. खरेदी करताना मी सर्वांत जास्त वेळ या एका गुणोत्तरावर घालवला. आमच्याकडे आलेल्या सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये तेवढ्याच हवेसाठी ८० बॅगा दाखवल्या होत्या आणि ते गुणोत्तर पावणेदोनच्या पुढे जात होते. फौंड्रीच्या बारीक धुळीसाठी इतक्या वेगाने हवा ओढली तर कण कापडाच्या आत रुततात आणि काही महिन्यांतच बॅगा कायमच्या तुंबतात, हे आमच्या शेजारच्या एका कारखान्यात आम्ही आधीच पाहिलेले होते.

फौंड्रीची धूळ म्हणजे प्रामुख्याने क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकी सिलिकाची, भुकटी, जोडीला बेंटोनाईट ही चिकट माती आणि कोलडस्ट, म्हणजे कोळशाची पूड. स्फटिकी सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. या धुळीने होणारा फुप्फुसाचा सिलिकोसिस एकदा जडला की बरा होत नाही, आणि कायद्याने तो अधिसूचित आजार असल्यामुळे तो आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ जिथे निर्माण होते तिथेच, शक्य तितक्या जवळून, ती ओढून घेण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. आमच्या शेक-आऊटवर आता उन्हाच्या तिरिपेत पूर्वीसारखा धुळीचा पडदा दिसत नाही, हा बदल सर्वांना जाणवला. परंतु मला या चौदा महिन्यांत सगळ्यात जास्त सांगावेसे वाटते ते वेगळेच आहे. हे यंत्र धूळ नाहीशी करत नाही. जी धूळ पूर्वी साऱ्या शेडभर विखुरलेली असे, ती रोज दोनशे किलोच्या हिशेबाने एका लोखंडी पेटीत गोळा होते, आणि ती पेटी उघडणाऱ्या फिटरच्या वाट्याला सगळ्यांच्या वाट्याची धूळ एकदम येते. म्हणून यंत्र घेताना शेक-आऊटवरच्या माणसाचा विचार होतो तितकाच पेटी उघडणाऱ्या माणसाचाही व्हायला हवा.

सुरुवातीचे आठ दिवस चांगले गेले, कारण त्या बाबतीत आम्ही सूचना तंतोतंत पाळल्या. नव्या बॅगेच्या कापडाची छिद्रे उघडी असतात. खरी गाळणी होते ती कापडावर बसलेल्या धुळीच्या पातळ थरातून. त्यामुळे प्रत्यक्ष धूळ सोडण्याआधी बॅगांवर चुनखडीच्या बारीक पावडरीचा थर बसवून घेतला, डॅम्पर (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) अर्धा बंद ठेवून कमी हवेवर यंत्र चालवले आणि तो थर नीट बसेपर्यंत पल्स, म्हणजे बॅगा झटकण्यासाठी आतून सोडले जाणारे दाबाच्या हवेचे झटके, बंद ठेवले.

बॅगेच्या आतील आणि बाहेरील दाबातला फरक दाखवणारा काटा हा या यंत्राचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा भाग आहे. आमच्याकडे नव्या बॅगांवर तो ४० मिलिमीटर पाणी दाखवत होता, स्थिरावल्यावर १०० ते १२० च्या दरम्यान राहिला आणि १५० च्या वर गेला की कारण शोधायचे, असे आम्ही ठरवले. काटा वर गेला की ऑपरेटर टायमर कमी करून पल्स भराभर सोडू लागले, आणि आकडा खाली आल्यामुळे काही आठवडे आम्हीही समाधानी राहिलो. प्रत्यक्षात गाळणारा थरच झडून जात होता, चिमणीतून फिकट धूर दिसू लागला होता आणि प्रत्येक झटक्यासरशी कापड केजच्या तारांवर घासत होते. आता ठरावीक फरकाला पोहोचल्यावरच पल्स सुरू होतील अशी जोडणी करून घेतली आहे. त्यामुळे कॉम्प्रेसरचे चालणेही कमी झाले. याउलट काटा अचानक खूप खाली आला तर ते चांगले लक्षण समजू नये, कारण तेव्हा बॅग फाटलेली असते किंवा काट्याकडे जाणारी बारीक नळी तुंबलेली असते. आम्ही दर सोमवारी त्या नळ्या काढून फुंकतो. आमचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते काट्याकडे पाहण्याआधी दोन मिनिटे शांत उभे राहून दहा पल्सचे आवाज मोजतात. एखादा झटका दबका आला तर त्या ओळीचा सोलेनॉईड (पल्सची झडप विजेवर उघडणारा भाग) अडकलेला असतो, आणि सतत फुसफुस ऐकू आली तर झडपेतला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटलेला असतो. त्यांचा अंदाज माझ्या आठवणीत एकदाही चुकलेला नाही.

जुलैमध्ये खरी परीक्षा झाली. कोल्हापूरच्या पावसात आठवड्याभरात काटा २१० वर गेला, शेक-आऊटच्या हूडवरची ओढ जवळजवळ थांबली आणि वरची झाकणे उघडली तेव्हा बॅगांवर गिलावा केल्यासारखा घट्ट थर दिसला. बेंटोनाईट ही शेवटी मातीच. तिला ओल लागली की ती चिकटते आणि कितीही पल्स मारले तरी सुटत नाही. ही ओल नुसत्या पावसाची नव्हती. साच्यातील वाळूत तीन-चार टक्के पाणी असते, गरम कास्टिंगमुळे त्याची वाफ होते, आणि ती वाफ बाहेरून भिजलेल्या थंड डक्टमध्ये (धुळीची हवा नेणाऱ्या नळीत) आणि हॉपरमध्ये (बॅगांखालच्या, धूळ गोळा होणाऱ्या पेटीत) शिरताच तिचे पाणी होते. आम्ही शिफ्ट संपताच ब्लोअर बंद करत होतो, त्यामुळे आतील दमट हवा रात्रभर तिथेच थिजत होती. त्यातच पल्सच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला तेव्हा अर्धी बादली पाणी निघाले, म्हणजे प्रत्येक झटक्याला आम्ही स्वतःच बॅगा आतून भिजवत होतो.

त्या वेळी ३६ बॅगा टाकून द्याव्या लागल्या. पुढे आम्ही काम सुरू होण्याआधी वीस मिनिटे ब्लोअर नुसत्या कोरड्या हवेवर चालवू लागलो, शेवटचा साचा फुटल्यावर पुन्हा वीस मिनिटे तसाच ठेवू लागलो आणि ब्लोअर थांबल्यानंतर दहा मिनिटे पल्स मारू लागलो, कारण उलटी ओढ नसताना धूळ सहज सुटून खाली पडते. बाहेरच्या डक्टला आणि हॉपरला ग्लासवूल आणि पत्र्याचे आवरण चढवले, कॉम्प्रेसरनंतर एअर ड्रायर बसवला, वरच्या झाकणांचे गॅस्केट बदलले. नव्या बॅगा पाणी व तेल न धरणाऱ्या प्रक्रियेच्या घेतल्या. यंदाच्या जूनमध्ये काटा १३० च्या वर गेलेला नाही. हे आवरण आणि ड्रायर पहिल्याच ऑर्डरमध्ये घेतले असते तर त्या ३६ बॅगांचा खर्च वाचला असता. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी हे यंत्र घेणाऱ्याने या दोन गोष्टी ऐच्छिक समजू नयेत.

आमच्या हातून झालेली दुसरी चूक म्हणजे मुख्य डक्टला एक शाखा जोडून फेटलिंगच्या (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढण्याच्या कामाच्या) ग्राइंडरची धूळही याच यंत्रावर घेण्याचा प्रयत्न. डक्ट ४६० मिलिमीटर व्यासाची आहे आणि पूर्ण हवेवर तिच्यात सेकंदाला वीस मीटर वेग राहतो, जो या धुळीला तरंगत ठेवण्यासाठी लागतो. शाखा जोडल्यावर शेक-आऊटकडच्या भागातील वेग घटला आणि वाळू तळाशी बसू लागली. अर्धी भरलेली अशी डक्ट मीटरमागे शंभर किलोहून जास्त वजन धरते. एका सपोर्टचा बोल्ट वाकलेला दिसला म्हणून आम्हाला ते वेळीच कळले, अन्यथा तो भार खालून जाणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर आला असता. त्याशिवाय ग्राइंडरच्या ठिणग्या कोलडस्ट असलेल्या बॅगांकडे नेणे हा धोका वेगळाच. ती शाखा आम्ही काढून टाकली. ज्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियमही होते त्यांनी तर लोखंडाच्या ग्राइंडिंगची आणि अ‍ॅल्युमिनियमची धूळ एका कलेक्टरमध्ये कधीच मिसळू नये, कारण त्या मिश्रणाला ठिणगी मिळाली तर लागणारी आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

आगीचा अनुभव आम्हाला नोव्हेंबरमध्ये आला. बाहेरून बोलावलेल्या कंत्राटदाराच्या माणसाने डक्टवर पत्रा वेल्ड करायला सुरुवात केली तेव्हा ब्लोअर चालू होता आणि आमच्यापैकी कुणी त्याला परवाना दिलेला नव्हता. ठिणगी आत ओढली गेली, काही मिनिटांत चिमणीतून जळक्या कापडाचा वास आला. आम्ही ब्लोअर बंद केला, डॅम्पर मिटवला, पल्सची हवा तोडली आणि दार उघडण्याचा मोह आवरला. दार उघडले असते तर ताजी हवा मिळून धुमसणारी आग पेटली असती आणि उडालेली धूळ स्फोटालाही कारण झाली असती. तीन तासांनी, पत्रा हाताला पूर्ण थंड लागल्यावर, आत पाहिले तेव्हा चार बॅगा जळालेल्या होत्या. आता डक्ट, हॉपर किंवा केसिंगवर वेल्डिंग करायचे तर यंत्र थांबवून, आतून धूळ काढून आणि लेखी परवाना घेऊनच केले जाते.

यंत्र उघडण्याची पद्धत आम्ही हळूहळू पक्की केली आणि ती सांगताना थोडा विस्तार करावा लागेल, कारण निर्मात्याच्या पुस्तिकेत तिला केवळ अर्धे पान दिलेले आहे. मेन स्विच बंद करून फिटर स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ब्लोअरचा पंखा वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतो, म्हणून तो थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही. सर्वांत जास्त विसरली जाते ती पल्सच्या हवेची टाकी: वीज बंद झाली तरी तिच्यात पाच-सहा बारचा दाब शिल्लक असतो, आणि वरच्या पाइपाजवळ चेहरा नेऊन काम करणाऱ्या माणसाला एक अवचित झटका डोळे गमावण्यास पुरेसा आहे. टाकी रिकामी करून कॉक उघडाच ठेवतो. हॉपरच्या तळाच्या रोटरी एअरलॉकची (बाहेरची हवा आत न येऊ देता धूळ खाली सोडणाऱ्या फिरत्या पात्यांच्या झडपेची) मोटर स्वतंत्र फीडरवर आहे, त्यामुळे तिचेही वेगळे कुलूप लागते. अडकलेली गाठ काढायला पाती थांबली आहेत असे समजून हात घालणाऱ्याची बोटे जातात. हॉपरमध्ये उतरणे आम्ही बंदिस्त जागेचे काम मानतो, त्यामुळे बाहेर एक माणूस उभा असतो आणि आत जाण्याआधी हवा तपासली जाते. बॅगा काढताना एफएफपी-३ दर्जाचा मास्क, डिस्पोजेबल कपडे आणि चष्मा घातला जातो. जुनी बॅग जागेवरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद होते. काम झाल्यावर अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय मोडायला मला सहा महिने लागले. आता व्हॅक्यूम क्लीनर तिथेच ठेवला आहे.

हॉपर हे साठवणुकीचे भांडे नाही, हेही आम्ही उशिरा शिकलो. तो भरून ठेवला की धुळीचा डोंगर बॅगांच्या टोकांना लागतो आणि येणारी हवा तीच धूळ पुन्हा उडवते. धूळ अडकली की हातोडा मारण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण प्रत्येक घावाने पत्र्याला पोचा पडतो आणि पुढची धूळ त्याच पोच्यावर अडते. आम्ही छोटा व्हायब्रेटर लावला. खाली धूळ भरण्यासाठी लावलेल्या पिशवीचे तोंड एअरलॉकला घट्ट आवळलेले नसेल तर इतक्या खटपटीने पकडलेली धूळ पुन्हा शेडमध्ये पसरते.

तक्रारी मोजक्या आहेत. साडेसहा मीटर उंचीवरच्या वरच्या झाकणांपर्यंत जाण्यासाठी उभी शिडी दिली आहे आणि माथ्यावर कठडा एकाच बाजूला होता. बाकीच्या तीन बाजू आणि सेफ्टी बेल्ट अडकवण्याची दोरी आम्ही स्वखर्चाने केली. बॅगा वरून काढता येतात हे चांगले, पण ३ मीटरची केज सरळ ओढायला वर जागाच ठेवलेली नव्हती, शेडचे छत आड येत होते. कोटेशन घेताना हे मोजून घ्यावे. विजेच्या बाबतीत मात्र मी समाधानी आहे. रात्री फक्त सँड मिक्सर चालतो तेव्हा व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) ब्लोअरचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला की विजेची मागणी जवळपास निम्म्यावर येते. शेक-आऊट सुरू असताना मात्र वेग कमी करण्यास आम्ही सक्त मनाई केली आहे, कारण तेव्हा धूळ डक्टमध्ये बसते.

फेटलिंगसाठी आता वेगळा, लहान कलेक्टर मागवला आहे. त्याच्या ऑर्डरमध्ये स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारे उपकरण), एअर ड्रायर, चारही बाजूंचा कठडा आणि पल्सच्या टाकीवर कुलूप लावता येणारा कॉक या चार गोष्टी मी पहिल्याच ओळीत लिहिल्या आहेत, आणि जागा ठरवताना मामांना सोबत घेऊन केज ओढायची उंची टेपने मोजून घेतली आहे.